लागणीच्या तारखांचं कुलूप

साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग कशासाठी असतो, ते आधी सांगून टाकते. बोट दाखवायला असतो. वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली, कॉम्प्युटर बिघडला. पगारपत्रकात कुणाची रजा चुकली, कॉम्प्युटरनं खाल्ली. एखाद्या संचालकाच्या मेव्हण्याचा ऊस पाळी मोडून आधी तुटला आणि गावानं बोंब मारली, तर तीही कॉम्प्युटरचीच चूक. अकरा वर्षं मी हे ऐकतेय. आष्ट्याहून रोज स्कूटीवरून कारखान्यावर जायचं, पूर्वी जिथं खताची पोती ठेवत त्या खोलीत सर्व्हरशेजारी बसायचं आणि दुसऱ्यांचे उद्योग आपल्या नावावर घ्यायचे. त्या खोलीत एसी लावला की अजून युरियाचा वास येतो.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना पाळीचं सांगायला पाहिजे. ऊस लावला की शेतकरी कारखान्याच्या गट ऑफिसात लागणीची तारीख नोंदवतो. हंगाम सुरू झाला की त्या तारखांच्या क्रमानं तोड मिळते. ज्यानं आधी लावला त्याचा आधी. तोडणीची टोळी आपल्या मनानं कुणाच्या रानात जात नाही, कारखान्याची चिठ्ठी निघेल तिथंच कोयता चालतो. म्हणजे सगळा खेळ त्या एका तारखेवर. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर ऊस हिवाळ्यात, गोडीत असताना जातो. ऑक्टोबरची असेल तर उन्हाच्या तोंडाला. वेळेत तोड मिळाली नाही की उसाला तुरा येतो, कांड्या पोकळ पडतात आणि सोळा-सतरा महिने राखलेलं पीक डोळ्यांदेखत हलकं होत जातं. आमच्याकडं माणसं बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरतील, लागणीची विसरत नाहीत.

ती तारीख आमच्या सर्व्हरवर होती, आणि ज्याला पासवर्ड ठाऊक त्याला ती बदलता येत होती. पासवर्ड शेती विभागातल्या एका कीबोर्डच्या पोटाला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. आता याच्यापुढं काय बोलायचं.

एका वर्षी वार्षिक सभेत एक म्हातारे सभासद उठले. माईक मागितला नाही, तसेच बोलले. "माझी लागण जुलैची. शेजारच्याची सप्टेंबरची. त्येचा तुटून गेला, माझा उभा. ह्ये कसं काय, एवढंच सांगा." व्यासपीठावर जरा कुजबुज झाली आणि मग अध्यक्षांनी सांगितलं, की कॉम्प्युटरची चूक झाली आहे, संबंधितांना समज देण्यात आली आहे. संबंधित म्हणजे मी. मला त्या दिवशी मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं, ते का, हे तेव्हा कळलं. सगळा मंडप माझ्याकडं बघायला लागला. डोक्यात अशी तिडीक गेली की उठून ती कीबोर्डखालची चिठ्ठीच माईकवर वाचून दाखवावी. पण नोकरी आठवली. मान खाली घातली, आणि तोच कबुलीजबाब धरला गेला.

दुसऱ्या दिवशी एमडी साहेबांनी, म्हणजे कार्यकारी संचालकांनी बोलावलं. म्हणाले, "असं काहीतरी करा की यादी कुणालाच बदलता येणार नाही. पुढच्या सभेत सांगता आलं पाहिजे." त्यांना फक्त सांगता यायला हवं होतं. मी मात्र 'कुणालाच' हे शब्दशः घेतलं. माझी पहिली चूक ती.

सर्व्हरच्या साध्या व्यवस्थेत एक सर्वाधिकारी असतो, त्याला रूट म्हणतात. रूट म्हणून आत शिरलं की कुठलीही फाईल उघडा, खोडा, नवी लिहा. कुणी अडवत नाही. मी जी पद्धत बसवायला घेतली तिच्यात प्रत्येक फाईलला आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसला एक लेबल लागतं. कुठल्या लेबलानं कुठल्या लेबलाला हात लावायचा, कसा लावायचा, हे एका पॉलिसीत आधीच लिहून ठेवायचं. जे लिहिलं नाही ते सगळं मना. मग विचारणारा रूट असो नाहीतर साक्षात अध्यक्ष. मशीनच्या गाभ्यातच पहारा बसतो, आणि तो हुद्दा विचारत नाही, फक्त लेबल बघतो. लेबल बघून अडवायची रीत आपल्या माणसांत जुनीच आहे. मशीनला ती शिकवताना मला एवढंच बरं वाटत होतं, की इथं अडवला जाणारा एकदा तरी वरचा असेल.

ही सोय सर्व्हरमध्ये तयारच असते, पैसे टाकून आणावी लागत नाही. पण सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकायच्या आधी ती बंद करतो. काही अडलं का? आधी ते बंद करा. इंटरनेटवर विचारा, तिथंही पहिलं उत्तर हेच. ज्यानं अडवावं म्हणून ठेवलाय तोच अडवतोय म्हणून त्याला घरी पाठवायचं, असला हा कारभार. आमच्या सर्व्हरवरही तो पहारा कितीतरी वर्षं झोपवून ठेवलेला होता.

अख्खा उन्हाळा मी त्याच्यापायी घातला. पहिले दोन महिने पहारा नुसता बघ्या ठेवला. या अवस्थेला परमिसिव्ह म्हणतात; तो अडवत कुणालाच नाही, फक्त लॉगमध्ये लिहून ठेवतो, की हे मी अडवलं असतं. तो लॉग रोज सकाळी चहासोबत वाचायचा. पहिल्या दिवशीच ओळींची मोजदाद सोडून दिली. तोडीचा प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाईली भलत्याच जागी लिहीत होता. बॅकअपचा प्रोग्राम जिथं फक्त वाचायचं तिथं लिहायची मुभा मागत होता. एक फाईल मी एका जागेवरून दुसरीकडं हलवली, तर ती जुनंच लेबल घेऊन आली आणि वेबचा प्रोग्राम तिच्यापाशी अडून बसला. तीन दिवस मी परवानग्या तपासल्या, आणि चूक लेबलात निघाली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

या कामाला एक सोपं हत्यारही मिळतं. लॉग त्याच्या तोंडात दिला की ते सगळे नकार उलटवून परवानग्या लिहून देतं, एका फटक्यात सगळं सुरळीत. मी ते वापरलं नाही. जिथून जिथून कुणी घुसत होतं ती सगळी दारं कायमची उघडी करून द्यायची, असला तो प्रकार. हा प्रोग्राम हे का मागतोय, हे समजेपर्यंत मी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले नाही. विभागातली माणसं हसायची. म्हणायची, एवढं कोण बघणार आहे.

शेवटी जे उभं राहिलं ते असं. लागणीच्या तारखा एका स्वतंत्र लेबलाखाली. नोंदणीच्या प्रोग्रामला तिथं नवी ओळ जोडता यायची, जुनी खोडता यायची नाही. तोडीच्या प्रोग्रामला फक्त वाचता यायचं. बाकी कुणाला काहीही नाही, रूटलाही नाही, म्हणजे मलाही नाही. आणि पहारा चालू असताना तो झोपवायची सोयच काढून टाकली. झोपवायचा असेल तर सर्व्हर पूर्ण बंद करून, त्याच खोलीतल्या कीबोर्डवर बसून, चालू होताना वेगळी आज्ञा द्यावी लागणार. खोलीच्या किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये, एक एमडी साहेबांच्या कपाटात.

एक दार मात्र ठेवावंच लागलं. जळीत उसाचं. जळालेला ऊस चार-पाच दिवसांत आंबायला लागतो, म्हणून त्याला पाळी नसते. अर्ज आला की दुसऱ्या दिवशी टोळी जाते. वजनात कपात होते, पण ऊस जातो. आता पाळी लांबली की माणसं स्वतःच्या उसाला स्वतः काडी लावतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून जळिताची फाईल वेगळी ठेवली, लेबल वेगळं दिलं, आणि अर्जावर गट ऑफिसच्या सहीबरोबर माझीही सही लागेल असं मीच सुचवलं. म्हटलं, माझ्यापुढं माणूस येईल तेव्हा निदान विचारता येईल, कशी लागली आग.

माझं माहेर नदीच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, पण गावचा ऊस सांगलीतल्या आमच्या कारखान्याला येतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. शेवटची काही वर्षं कोतात, म्हणजे पलटणीच्या हत्यारांच्या कोठारात. पेन्शन आहे, विहीर आहे, दोन एकर नदीकाठचं रान आहे. कुणापुढं हात पसरायची वेळ त्यांच्यावर आली नाही आणि आली असती तरी त्यांनी पसरला नसता. मी काय करतेय ते बाकी कुणाला समजावून सांगता आलं नाही, अण्णांना दोन वाक्यांत कळलं.

"म्हंजी कोतावानीच की," ते म्हणाले. "सीओ साहेब जरी आला तरी रजिस्टरात नोंद असल्याबिगर रायफल न्हाई. अडवलं म्हणून वर साहेबच शाबासकी देतो."

"इथं शाबासकी न्हाई मिळायची, अण्णा."

"न मिळंना. कुलूप बसलं न्हवं?"

आणि मग त्यांनी गावभर सांगितलं. देवळापुढच्या कट्ट्यावर, दूध डेअरीत, एसटीत. औंदा कुणाचाबी ऊस पाळीबिगर तुटायचा न्हाई, माझ्या लेकीनं बंदोबस्त केलाय. अण्णा बढाया मारणारे नव्हेत, म्हणून लोकांनी ते खरं मानलं. मला ते आईकडून कळलं तेव्हा आता हे निभवावं लागणार म्हणून धास्तावले, पण खोटं कशाला सांगू, आनंदही लय झाला.

हंगाम सुरू झाला. पहिले दोन महिने यादी जशी निघायला पाहिजे तशी निघाली. शेती विभागात लोक कपाळाला आठ्या घालून फिरत होते, मुख्य शेतकी अधिकारी माझ्या नमस्काराला उत्तर देईनासे झाले. मी मनातल्या मनात म्हटलं, झोंबू देत मिरच्या.

पण त्या पावसाळ्यात नदीचं पाणी चार दिवस अण्णांच्या रानात बसलं होतं आणि ऊस लोळला होता. लोळलेला ऊस जमिनीला टेकला की कांड्यांच्या डोळ्यांतनं पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, उंदीर खालून पोखरतात. अण्णांची लागण ऑगस्टची. डिसेंबरात तोड यायला पाहिजे होती. टोळ्या कमी आल्या, कार्यक्रम मागं पडला आणि जानेवारी निम्मा झाला तरी त्यांच्या पुढं अजून बारा दिवसांची यादी होती. बारा दिवसांत जे वाचेल ते वाचेल, असं ते रान होतं.

आधी आईचा फोन आला. "अण्णास्नी सांगू नगंस मी फोन केल्याचं. निम्मा ऊस उंदरांनी खाल्ला गं. तुझ्याच हातात हाय न्हवं ते?"

"माझ्या हातात न्हाई, आई. कुणाच्याच हातात ऱ्हाऊ नये म्हणूनच केलंय सगळं."

"असं कसं? करणारी तूच न्हवं?"

मी लेबलांचं सांगायला लागले. आई "बरं, ऱ्हाऊ दे" म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं अण्णा स्वतः आष्ट्याला आले. येताना दोन कांड्या ऊस नाही, भाजी नाही, रिकाम्या हातानं. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले. मग बशी खाली ठेवत म्हणाले, "चार दिस अलीकडं सरकतंय का बघ. बघ म्हणतो, कर म्हणत न्हाई."

उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडं, किंवा मला ठाऊक असलेल्या कुणाकडंही, असं काही मागितलं नव्हतं.

"सरकत न्हाई, अण्णा," मी म्हणाले.

"तुला बी न्हाई?"

"मला बी न्हाई."

त्यांनी मान हलवली. "मग बराबर हाय," म्हणाले. चप्पल घातली आणि अकराची गाडी धरली. मी दारात उभी राहून बघत होते. वाईट वाटत होतं, पण त्याखाली एक ताठाही होता, तो आता आठवला तरी लाज वाटते. मला वाटत होतं, आज आम्ही दोघंही पास झालो.

त्याच आठवड्यात एमडी साहेबांनी बोलावलं. टेबलावर पत्र तयार होतं, जावक क्रमांक टाकून. 'सर्व्हरच्या देखभालीसाठी आज दुपारी दोन ते चार सुरक्षा पॉलिसी स्थगित ठेवण्यात यावी.' मी विचारलं, कसली देखभाल. म्हणाले, शेती विभागाला काही लागणीच्या तारखा दुरुस्त करायच्यात, नोंदवताना चुका झाल्यात. मी म्हणाले, दुरुस्ती असेल तर नवी ओळ जोडता येते, जुनी खोडायची गरज नाही. जुनीही दिसेल, नवीही दिसेल.

"तेच तर नको आहे," असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही टेक्निकल बघा, बाकीचं आमच्यावर सोडा." मी पत्र उचललं नाही, तेव्हा अगदी गोड आवाजात पुढं म्हणाले, "जमत नसेल तर सांगा. किल्ली माझ्याकडंही आहे. पुण्याहून माणूस बोलावतो. आणि मग तो माणूसच कायमचा ठेवून घेऊ."

आता इथं मी बाणेदारपणे काहीतरी बोलले असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी पत्राची पोच दिली. खोलीत आले, सर्व्हर बंद केला, आणि तो पुन्हा चालू होताना माझ्या हातानं ती आज्ञा टाईप केली. एक शब्द, एक बरोबरचं चिन्ह आणि एक शून्य. उन्हाळाभर जे उभं केलं होतं ते पाडायला एवढंच पुरलं. मुख्य शेतकी अधिकारी घडी घातलेला कागद घेऊन आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी शेजारी उभी होते. ऑक्टोबरच्या लागणी भराभर जुलैच्या झाल्या. पहारा अडवत नव्हता, पण लिहिणं त्याचं चालूच होतं. एकेक बदल, वेळेसकट: हे अडवलं असतं, हे अडवलं असतं. चार वाजता मी सर्व्हर पुन्हा बंद केला, चालू केला, पहारा जागा केला. आता त्या नव्या तारखाही तितक्याच पक्क्या झाल्या होत्या. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

तो लॉग मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. अजून आहे. कुणी मागितला नाही, मी कुणाला दिला नाही. माझा नवरा विट्याचा. गलाईच्या, म्हणजे सोनं शुद्ध करायच्या धंद्यात, तिकडं तमिळनाडूत असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "नोकरी शाबूत आहे ना? मग झालं."

यादीत अण्णांचे बारा दिवस होते, त्याचे चाळीस झाले.

त्यांच्या बांधाला लागून एका संचालकाच्या मेव्हण्याचं रान आहे. तिसऱ्या दिवशी तिथं टोळी उतरली. दुपारी अण्णांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"शेजारी तोड आली. लागण ऑक्टोबरची हाय, माझ्या डोळ्यांदेखत केलीया. मशीन बिघडलं काय?"

मी बोलायला पाहिजे होतं. हीच ती वेळ होती, आणि समोर एमडी नव्हता, सभा नव्हती, माझा बाप होता. मी म्हणाले, "देखभाल व्हती, अण्णा. जरा गडबड झाली."

"मशीनची?"

"व्हय. मशीनची."

"बरं," ते म्हणाले. पलीकडं कोयत्यांचा आवाज येत होता. सभेत अध्यक्षांनी माईकवर जे सांगितलं होतं, तेच मी माझ्या बापाला सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. फसले नाहीत. कोतात वर्षं काढलेल्या माणसाला कुलूप बिघडलं की कुणी उघडलं, हे कळत असणारच.

चार दिवसांनी ऊस पेटला. आईनं फोनवर सांगितलं ते असं. आदल्या दिवशी अण्णांनी बांधाकडंचं सगळं वाळलं पाचट ओढून आत घेतलं. तिन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना सांगून जनावरं लांब बांधायला लावली. दोन बॅरल पाणी भरून ठेवलं, फवारणीचा पंप भरून ठेवला. मग वारं पडायची वाट बघितली आणि सकाळी अकराला वाऱ्याच्या उलट्या अंगानं काडी लावली. आगसुद्धा शिस्तीत लावली माणसानं. बांधाच्या पल्याडचं एक पान करपलं नाही. "अंघूळ करून जेवलं आणि झोपलं," आई म्हणाली. "माझ्याशी बोललं न्हाईत. मी बी काय इचारलं न्हाई."

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. दिवसा तारांत करंटच नव्हता. हे मला ठाऊक होतं, गट ऑफिसला ठाऊक होतं, सगळ्या शिवाराला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जळिताच्या अर्जांची रांग माझ्या टेबलापर्यंत आली होती. पाळ्या मागं पडल्या तशा आगी वाढल्याच होत्या. अर्जांवर अर्ज येत होते आणि मी सह्या करत होते. मान वर केली तर चौथ्या नंबरला अण्णा. पांढरा सदरा, धुतलेली टोपी, हातात छापील अर्ज. हातावरचे केस जळून गेलेले, मनगटाजवळ कातडी लाल.

मी उठले. "अण्णा, आवं आत या की. बसा हितं."

"रांग हाय," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघत राहिले.

तीन अर्ज मी कसे पुरे केले मला आठवत नाही. अण्णांनी आपला कागद टेबलावर ठेवला. गट नंबर, क्षेत्र, लागणीची खरी तारीख, सगळं त्यांच्या सरळ अक्षरात भरलेलं. गट ऑफिसची सही होती. एक रकाना कोरा होता. आग लागण्याचं कारण.

मला विचारायचं होतं ना, कशी लागली आग? म्हणूनच तर माझी सही ठेवून घेतली होती मी.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "मॅडम," ते म्हणाले, "हितं काय लिवत्यात?"

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. अशा रकान्यात काय लिहितात हे शिकायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. मागं पाच-सहा माणसं उभी होती, शेती विभागाचं दार उघडं होतं.

"शॉर्ट सर्किट लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. सावकाश, अक्षर न बिघडवता. एकदा वाचून बघितलं.

फौजेतनं आल्यापासून अण्णा कुठंही सही केली की नावाखाली 'हवालदार' लिहितात. बँकेत, ग्रामपंचायतीत, माझ्या लग्नात मंगल कार्यालयाच्या पावतीवरसुद्धा लिहिलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो होतो. त्या दिवशी त्यांनी नाव लिहिलं. पेन कागदावर टेकलेलंच होतं. मग ते उचललं, टोपण लावलं आणि अर्ज माझ्याकडं सरकवला.